पाझार्जिकचा अनामिक

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वही उघडायला कारण लागतं, ते आज मिळालं. १५ डिसेंबरला, रविवारी सकाळी दहा वाजता, आमच्या श्रोतामंडळाचा मोठा कार्यक्रम ठरला. नाव मीच दिलं: 'खर्जाचे राजे'. युरोपातल्या ऑपेराचे जुने बास, म्हणजे खर्जातले गायक, एकेकाची तबकडी वाजवायची आणि त्यांची तुलना करायची. मी बोलणार आणि माझ्याविरुद्ध खुशालराव बोलणार. या विषयावर भांडता येईल अशी माणसं अमरावतीत दोनच आहेत, आणि ती पंचेचाळीस वर्षं दर रविवारी माझ्याच बैठकीत भांडत आहेत.

खुशालराव वलगावचे. कापूस, तूर, थोडा संत्र्याचा बगीचा. १९७९ साली इथे सोव्हिएत पुस्तकांचं आणि तबकड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका तबकडीवर माझा आणि त्यांचा हात एकदमच पडला. मला शालियापिन हा रशियन बास हवा होता. त्यांना वेष्टणावरचा दणकट माणूस रशियातला शेतकरी वाटला होता. "तुमी घ्या मास्तर, पण मले आयकाले बोलवा," म्हणाले, आणि पुढच्या रविवारी सायकलवर हजर. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. 'मास्तर' हा शब्द मला खटकला होता. आता कोणी 'सर' म्हटलं की खटकतं.

आज बल्गेरियाचा ग्याउरोव लावला. त्या ऑपेरात एक म्हातारा राजा पहाटे एकटाच बसून म्हणतो, राणीनं माझ्यावर कधी प्रेम केलंच नाही. पिंझा हेच गातो तेव्हा राजा देखणा वाटतो. क्रिस्टॉफ गातो तेव्हा भीती वाटते, हा आता कोणाचं तरी डोकं उडवणार. ग्याउरोव गातो तेव्हा राजाच्या खांद्यावर शाल टाकावीशी वाटते. मी असं म्हटल्यावर खुशालराव म्हणाले, "ग्याउरोव म्हंजे पावसानंतरची काई माती. पाय टाकला का चप्पल घेऊनच वर येते." मी हे टिपून ठेवलं. कार्यक्रमात माझं म्हणून सांगणार नाही, बहुतेक.

त्यांचा आवाज आजही बसलेला होता. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करा म्हटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

क्रम ठरवताना कडाक्याचं भांडण झालं. खुशालरावांचा पहिला ताल्वेला. का, तर तो फिनलंडचा शेतकरी होता, मेंढ्या पाळायचा आणि मुलीच्या लग्नात नाचता नाचता गेला. मी म्हटलं, हा गाण्याचा निकष आहे की सोयरिकीचा? ते म्हणाले, "ज्याले जनावराची काळजी हाये त्याचाच आवाज खाली जाते मास्तर. बाकीचे खाली गेल्याचं नाटक करतात."

माझा पहिला क्रमांक सदतीस वर्षं बदललेला नाही. तो शालियापिन नाही, ग्याउरोवही नाही. तो अनामिक.

वहीत हे एकदा नीट लिहून ठेवतो. १९८७ च्या उन्हाळ्यात खुशालरावांनी मला एक कॅसेट आणून दिली. अकोल्याला एका रद्दीवाल्याकडे मिळाली म्हणाले. वर नाव नाही, गाव नाही. जेमतेम चार मिनिटांचं एकट्याचं गाणं, साथीला काही नाही. ध्वनी घुमणारा, बहुधा एखाद्या जुन्या दगडी चर्चमधला. मागे लांबून मेंढपाळाचं शिंग वाजतं. आणि तो आवाज! खर्जात इतका खाली, आणि तिथेही ओला. शब्द फार थोडे. 'काउऽन, काउऽन' असं पुन्हा पुन्हा येतं, मग 'लाऽरे', मग 'पाखारिया'. मी कोश काढून बसलो. बल्गेरियनमध्ये 'कोन' म्हणजे घोडा. 'पाखारिया' नकाशात सापडेना, पण पाझार्जिक सापडलं, आणि ग्याउरोवचं जन्मगाव त्याच्याच जवळ! म्हणजे पाझार्जिककडचा कोणी घोडेवाला आपल्या मेलेल्या घोड्यासाठी रडतोय. मी यावर मंडळात पाऊण तास बोललो होतो. बोलताना माझेच डोळे भरून आले होते. खुशालराव तर मधूनच उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. एवढा हळवा माणूस.

कार्यक्रमाचा शेवट अनामिकानेच करायचा. खुशालराव म्हणाले, "कायले ते? ताल्वेलावर संपवा." मी ऐकलं नाही.

माझा सिद्धांतही मांडणार आहे. खर्जाला मऊ स्वरांची भाषा लागते. इटालियन, रशियन, बल्गेरियन. आपल्याकडे त्यातल्या त्यात पुण्याकडची मराठी चालेल. पण 'काहून' आणि 'कायले' असल्या आपल्या वऱ्हाडी भाषेत ऑपेरा व्हायचा नाही, ते पोत्यातून दगड ओतल्यासारखं वाटेल. हे मी कॅसेट यायच्या आधीपासून म्हणत आलोय आणि खुशालरावांनी एकदाही खोडलेलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

खुशालराव आले, पण बोलले कमी. आवाज बसलाय तो बसलाच. सोयाबीन काढणीची धूळ म्हणाले. दोन महिने कसली धूळ? कार्यक्रमाला आठ आठवडे उरलेत आणि माझा प्रतिवादी कुजबुजतोय.

जाताना दारात थांबून म्हणाले, "मास्तर, ते कॅसेट मले द्याल काय? थोडे दिवस."

मी म्हटलं, "कार्यक्रमापर्यंत अजिबात नाही. तुमच्या घरी धूळ, उंदीर. नातवंडांनी फीत ओढून काढली तर अनामिक जगातून गेला म्हणून समजा."

"हाव, ते बी खरं," म्हणाले आणि चपला घालून गेले. बायको, गोदावरी, आतून ऐकत होती. म्हणाली, "दिली असती तर काय बिघडलं असतं? त्यांनीच तर आणलेली." बायकांना दुर्मीळ वस्तू म्हणजे काय ते कळत नाही. वाटीभर साखर मागितल्यासारखं वाटतं त्यांना.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

स्वराली पुण्याहून आली आहे. लेक हुशार, पण फटकळ. ती सगळ्या कॅसेट संगणकावर चढवून देते आहे. तिने तिचं कॅसेट वाजवायचं छोटं यंत्र आणलंय. त्यावर अनामिक लावला आणि मी ओरडलोच, "अगं, पळतंय ते!"

"पळत नाहीये बाबा. तुमच्या डेकचा पट्टा सैल आहे. इतकी वर्षं तुम्ही हळू ऐकताय."

तो डेक मी जुनाच घेतला होता आणि त्यावर अनामिकाखेरीज दुसरं काही लावत नाही, हे खरं. पण तिच्या यंत्रावर अनामिक दहा वर्षांनी तरुण वाटतो. आवाज खर्जातलाच, पण पायरीभर वर. आणि ते मेंढपाळाचं शिंग ऐकून स्वराली म्हणते, "बाबा, हा पारवा आहे. घुमतोय."

मी म्हटलं, "बल्गेरियातही पारवे असतात."

संध्याकाळी खुशालरावांच्या पत्नी आशाबाई चिवडा घेऊन आल्या. खुशालराव आले नाहीत, दगदग झाली म्हणे. गाणं चालूच होतं. आशाबाई दारातच थांबल्या. डबा हातातून खाली ठेवेनात. मग म्हणाल्या, "आमचं इहिरीतलं गाणं लावलं का व पोरी?" आणि पदराने डोळे पुसले. विहिरीतून आल्यासारखा आवाज, ही उपमा काही वाईट नाही. अडाणी बाई, पण कान चांगला आहे.

५ नोव्हेंबर

स्वराली जाता जाता एक नवा उपद्व्याप करून गेली. तिच्या फोनमध्ये भाषा ओळखणारं काहीतरी आहे. तिने त्याला अनामिक ऐकवला. उत्तर आलं: मराठी.

मी पोट धरून हसलो. हे म्हणे माणसांच्या नोकऱ्या घेणार! स्वराली हसली नाही. "बाबा, एकदा शांतपणे ऐका ना, माझ्या यंत्रावर," म्हणाली. यंत्र इथेच ठेवून गेली आणि गाणं माझ्या फोनमध्येही घालून गेली. मी काही ऐकलेलं नाही. सदतीस वर्षं ऐकलेलं पुन्हा काय ऐकायचं?

१७ नोव्हेंबर, रविवार

सलग तिसरा रविवार खुशालराव नाहीत. बाहेर प्रचाराचे भोंगे कोकलताहेत आणि आत मी एकटा ताल्वेला ऐकत बसलोय. एका तबकडीवर ग्याउरोव राजा आहे आणि ताल्वेला आंधळा म्हातारा धर्मगुरू. दोन बास समोरासमोर, कोणीच मागे हटत नाही. हे एकट्याने ऐकण्यात काही अर्थ नाही. मी राजाच्या बाजूने काहीतरी बोललो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो.

फोन लावला तर आशाबाई उचलतात. 'झोपले हाये.' 'वावरात गेले.' 'अकोल्याले गेले, पौर्णिमाकडे.' पौर्णिमा म्हणजे त्यांची लेक. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकीकडे कोण जातं? माझ्या सिद्धांताचा राग आला असेल तर तसं सांगावं. मला फार लागलंय, हे इथे लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

गोदावरी परस्पर वलगावला जाऊन आली. येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "रागावू नका आधी. त्यांच्या घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. अकरा डिसेंबरला, अकोल्यात."

मी विचारलं, काढणार म्हणजे मग बोलणार कसे?

जीव वाचेल, असं डॉक्टर ठामपणे सांगतात. फक्त आवाज जाईल. हे 'फक्त' कोणी शोधून काढलं कोण जाणे.

मला सांगितलं नाही. कार्यक्रमाचा विचका होईल म्हणून सांगू नका, असं आशाबाईंना बजावलं होतं म्हणे. आणि मी त्यांना खर्रा बंद करा म्हणत बसलो होतो.

१ डिसेंबर, रविवार

कार्यक्रम पुढे ढकलला. मंडळाच्या लोकांनी सुचवलं, तुम्ही एकटेच बोला. एकटा काय बोलू? मी ग्याउरोव म्हणायचं आणि ताल्वेला कोणीच म्हणायचं नाही?

१० डिसेंबर, अकोला

पौर्णिमाच्या घरी बसून लिहितो आहे. उद्या सकाळी शस्त्रक्रिया. काय काय झालं ते क्रमाने लिहायचं म्हणतो.

दुपारी इस्पितळात गेलो. खुशालराव पलंगावर बसले होते, गळ्याला मफलर, पुढे पाटी आणि पेन्सिल. उद्यानंतरची सवय म्हणून आणलेली. आवाज फार वापरू नका असं सांगितलंय. त्यामुळे जे काही बोलत होते ते अगदी हळू, एकेक शब्द ओढून. मी शालियापिनचं बोललो. अमरावतीच्या थंडीचं बोललो. माणूस किती मूर्खासारखा बोलू शकतो ते आज मला समजलं.

आशाबाई संत्रं सोलत होत्या. सोलता सोलता हात थांबला आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, लांबवून म्हणाले, "काउऽन? काउऽन रडून राहिली व?"

मी उभाच राहिलो.

तोच स्वर होता. वरून सुरुवात करून तळाशी जाऊन टेकणारा, आणि तळाशी ओला. पाझार्जिकचा नव्हता तो. तो वलगावचा होता, माझ्यासमोर मफलर गुंडाळून बसला होता.

बाहेर जिन्यात आलो. स्वरालीने फोनमध्ये घातलेलं गाणं लावलं, कानाला धरलं. पट्टा सैल नसलेलं, खऱ्या गतीचं. साडेतीन मिनिटांत सगळं ऐकू आलं. शिंग नव्हतं, विहिरीतले पारवे होते. चर्च नव्हतं. आणि शब्द लहान पोराला कळतील असे होते: काऊन गेला रे, काऊन गेला रे, पाखऱ्या.

कोश उघडून मी घोडा काढला होता! ज्या भाषेत खर्ज होणार नाही म्हणून मी छाती पुढे काढून सांगत होतो, तीच भाषा मी सदतीस वर्षं डोळे मिटून ऐकत होतो. जिन्यात बसून रडलो. एक परिचारिका येऊन विचारून गेली, पेशंट गेला का. नाही म्हटलं.

आत गेलो आणि सरळ विचारलं, "खुशालराव, पाखऱ्या कोण?"

त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं. मग चेहराभर हसले. "सापडलं काय तुमाले? लय टाइम लावला."

"कोण होता?"

"डाव्या अंगाचा बैल. त्या साली उन्हाळ्यात मेला. इहीर कोल्डी पडली होती, पान्याचा थेंब नव्हता. मी तिच्यात उतरून बसलो. घरी कसं रडावं? बापमाणूस बैलासाठी रडते म्हणून लोक हासले असते." थांबले. दम घेतला. "तुमच्या इथं शालियापिन आयकला होता, तसंच जरासं मोठ्ठं केलं. पौर्णिमाच्या मामाचा टेप होता, तो संगं नेला होता."

"मग मला रद्दीवाला का सांगितला?"

"माहं हाये म्हटलं असतं तं तुमी आयकलं असतं काय?"

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"मग मागून सांगाले गेलो तं तुमी पाऊण घंटा बोलले. घोडा म्हनले, देश म्हनले. डोये पुसले. मास्तर, तुमच्या तोंडून आमच्या बोलीले चांगलं म्हनवून घ्याचं तं दुसरा रस्ता कोनता होता? मले लय बरं वाटे. दर साली एकडाव आयकाचो, शालियापिनच्या वर माहा नंबर." मग डोळा बारीक करून म्हणाले, "पन खरं सांगू का? पह्यला ताल्वेलाच."

आशाबाई म्हणाल्या, "बोलू नका आता, डाक्टर रागावतीन." आणि माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "भाऊजी, ते कॅसेट आमाले भेटन काय? यायनं तुमाले मांगतली होती. मीच म्हटलं होतं, मांगा म्हनून. घरात आवाज रायला पायजे ना."

वीस ऑक्टोबरचं पान मी आत्ता उलटून पाहिलं. 'धूळ, उंदीर' असं माझ्याच अक्षरात लिहिलं आहे.

११ डिसेंबर

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. दुपारी काचेतून पाहिलं. त्यांनी हात वर केला.

१५ डिसेंबर, रविवार, अमरावती

आज कार्यक्रमाची तारीख होती. सकाळी डेकचा पट्टा बदलून आणला. दुकानदार म्हणाला, काका, हे आता कोण ऐकतं? मग घरी बसून अनामिक खऱ्या गतीत तीनदा ऐकला. कॅसेटच्या डबीवरचा 'पाझार्जिक?' असा माझा जुना कागद खरवडून काढला आणि नवा चिकटवला. त्यावर नाव, गाव, साल, आणि खाली 'पाखऱ्यासाठी'.

कॅसेट, आणि तिच्यासोबत डेकही, उद्या वलगावला पाठवायचा आहे. गोदावरी म्हणाली, पाठवू नका, स्वतः नेऊन द्या. बरोबर आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

कार्यक्रम झाला. साठेक माणसं होती. खुशालराव पहिल्या रांगेत, मफलर, मांडीवर पाटी, शेजारी आशाबाई.

मी शालियापिन लावला, पिंझा लावला, क्रिस्टॉफ लावला. ग्याउरोवच्या वेळी काळ्या मातीचं वाक्य म्हटलं आणि ते कोणाचं आहे तेही सांगितलं. ताल्वेलाची बाजू मांडायला कोणी नव्हतं म्हणून ती मीच मांडली, मेंढ्यांसकट, आणि इतकी चांगली मांडली की मला स्वतःलाच पटली.

मग अनामिक. आधी माझ्या जुन्या गतीत, सैल पट्ट्याचा, जसा मी सदतीस वर्षं ऐकला तसा. स्वरालीने तो तसा करून पाठवला होता. मागून कोणी विचारलं, "रशियन का?" मी म्हटलं, थांबा. मग खऱ्या गतीत लावला. 'काऊन गेला रे' आलं तेव्हा कोणी हुंकार दिला, कोणी शेजारच्याला कोपर मारलं. 'पाखऱ्या' आलं तेव्हा सभागृहात कोणी हललं नाही. त्या लोकांपैकी अर्ध्यांच्या घरी कधीतरी एक बैल मेला होता.

संपल्यावर मी भाषण काढलं नाही. एवढंच म्हटलं, "गायक, खुशालराव, वलगाव. मी घोडा समजलो होतो. बैल होता. बाकी दुःख मला बरोबर कळलं होतं, एवढंच माझ्या बाजूने." आणि माझा तो मऊ स्वरांचा सिद्धांत मागे घेतो असंही म्हटलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. खुशालराव उठले नाहीत. आशाबाईंनी त्यांचा हात धरला होता.

गर्दी पांगल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी पाटीवर लिहिलं: 'काहून सांगतलं सगळ्याइले?'

मला काय झालं माहीत नाही. जन्मात कधी जी बोली तोंडातून काढली नव्हती, ती निघाली. मी म्हटलं, "मले सांगा लागत होतं, म्हणून."

ते माझ्याकडे बघतच राहिले. खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत ते आवाजाशिवाय लवकर कळत नाही. मग त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर धरली:

'उच्चार चुकला मास्तर. रविवारी या, शिकवतो.'